घंटी वाजवावी की वाजवू नये

ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत जानेवारी 2022 मध्ये मोठे बदल झाले. त्यात सायकलस्वारासाठी एक सूचना आहे: पादचाऱ्यांसोबत एकाच वाटेने जाताना वेग कमी करा आणि आपण मागून येतोय हे घंटी वाजवून किंवा नम्रपणे हाक देऊन कळवा. जपानमध्ये याच्या अगदी उलट. तिथे ज्या फूटपाथवर सायकलला मुभा आहे त्यावर सायकलवाल्याने सावकाश जायचे आणि वाट अडली तर थांबायचे. पुढच्या माणसाला बाजूला सारण्यासाठी घंटी वाजवणे तिथल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे तीच घंटी एका देशात सौजन्य आणि दुसऱ्या देशात अरेरावी. सायकलवर कामाला जाणारे आणि त्याच वाटेवर पायी चालणारे यांनी एकमेकांशी कसे वागावे, ही चर्चा जगात गेली चाळीस-पन्नास वर्षे चालू आहे. पुण्या-मुंबईत सायकल ट्रॅक, नदीकाठ आणि जलवाहिन्यांच्या कडेच्या वाटा होऊ लागल्या तशी ती आपल्याकडेही येऊन पोचली. तिचा आढावा घेण्याआधी एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. या सगळ्या चर्चेतून मला दिसते ते असे, की सौजन्याला स्वभावाची बाब मानले की बोलणे जागच्या जागी फिरत राहते. वाट किती रुंद, वेगात फरक किती आणि गर्दी किती, हे आधी विचारावे लागते. त्यांची उत्तरे दिल्यावर जे उरते ते स्वभावावर सोडता येते.

सायकलींचे शहर ते सायकल ट्रॅक

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत तेव्हा हा प्रश्न नव्हता. खडकीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच असत. रस्ता सायकलींचा होता आणि फूटपाथ, जिथे होता तिथे, चालणाऱ्यांचा. सायकलवाल्यांना नियम होते आणि पोलीस ते पाळायला लावत: पालिकेचा बिल्ला हवा, अंधार पडल्यावर दिवा हवा, डबलसीट बंद. दिवा नसला की चौकाच्या अलीकडे उतरायचे, सायकल हातात धरून साळसूदपणे चालायचे आणि पोलीस मागे पडला की पुन्हा टांग मारायची, ही त्या काळची सर्वमान्य युक्ती. पुढे 1972 मध्ये कायनेटिकची लुना ही मोपेड आली, आणि आकुर्डीतून बजाजच्या स्कूटरही बाहेर पडत होत्या. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, तोवर सायकल टिकली. नव्वदनंतर नंबर लावणे संपले आणि मध्यमवर्गाच्या घरातली सायकल जिन्याखाली गेली.

ती रस्त्यावरून मात्र गेली नाही. 2011 च्या जनगणनेत कामावर कसे जाता हा प्रश्न विचारला गेला. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांत देशभरात सुमारे 13 टक्के लोकांनी सायकल असे उत्तर दिले. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचे प्रमाणही जवळपास तेवढेच निघाले. हे 13 टक्के म्हणजे वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारी मुले, कारखान्यातले हंगामी कामगार, डबा हँडलला अडकवून जाणारे मेकॅनिक. शहरी सायकलीवरच्या चर्चासत्रांत ते सहसा नसतात. तिथे दिसतो तो रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येणारा वर्ग. तोही सायकलप्रेमीच, पण त्याची गरज निराळी. रोजच्या सायकलवाल्याला सात किलोमीटरवरच्या कामावर वेळेत पोचायचे असते आणि घाम न येता पोचता आले तर बरे, एवढेच त्याचे म्हणणे.

ट्रॅक बांधण्याची लाट आली ती 2005 मधल्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेच्या निधीमुळे. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने गाड्यांऐवजी माणसांची ने-आण हे ध्येय मांडले. त्याच वर्षाअखेरीस पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली आणि तिच्या कडेने सायकल ट्रॅक आखले गेले. पुढे जंगली महाराज रस्ता नव्याने बांधताना रुंद फूटपाथ आणि त्याला लागून ट्रॅक अशी रचना झाली. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 824 किलोमीटरचे जाळे आहे: 531 किलोमीटर स्वतंत्र ट्रॅक, 75 किलोमीटर रस्त्यावर आखलेल्या लेन, 183 किलोमीटर सायकलला सोयीचे मिश्र रस्ते आणि 35 किलोमीटर हरितमार्ग. भाड्याच्या ॲपवाल्या सायकलीही त्याच हिवाळ्यात आल्या आणि दोन-तीन वर्षांत गेल्या. कुठेही उचला, कुठेही सोडा या सोयीमुळे त्या फूटपाथवर आडव्यातिडव्या पडलेल्या असत, तेव्हा सौजन्याची पहिली तक्रार न चालणाऱ्या सायकलींबद्दलच झाली म्हणायला हवे. 2020 मध्ये केंद्राने सायकलींसाठी शहरांची स्पर्धा घेतली. तिच्या 11 विजेत्या शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती.

या इतिहासात एक गोष्ट नजरेआड होते. गाड्यांच्या रुंदीला धक्का न लावता ट्रॅक करायचा असे ठरले की तो फूटपाथच्या पोटातून निघतो. पूर्वी चालणाऱ्याला तीन मीटर होते, तिथे आता चालणारा आणि सायकलवाला यांच्यात तेच तीन मीटर वाटले जातात. मध्ये वेगळ्या रंगाच्या पेव्हर ब्लॉकची पट्टी येते आणि दर शंभर मीटरवर सायकलचे चित्र. थोड्या दिवसांत पट्टीचा रंग उडतो, ट्रॅकच्या तोंडाशी वीजमंडळाची डीपी उभी राहते, दुचाकी तिरक्या लागतात, आणि दोघांची वाट एक होऊन जाते. सामायिक वाट ही कल्पना आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आखून आलेली नाही, अशी ओघाने आलेली आहे.

भांडण कशाचे

अशा वाटांवरच्या कुरबुरींचा अभ्यास सुरू झाला तो अमेरिकेत, आणि तोही शहराबाहेरच्या रानवाटांवर. जेकब आणि श्रायर यांनी 1980 मध्ये मांडले की मैदानी विरंगुळ्यातला संघर्ष हा हेतूत आलेल्या अडथळ्यातून निर्माण होतो. आपण ज्यासाठी आलो ते दुसऱ्याच्या वागण्यामुळे होत नाही असे वाटले की तक्रार जन्मते. तिथल्या महामार्ग प्रशासनासाठी रॉजर मूर यांनी 1994 मध्ये बहुउपयोगी वाटांवरच्या संघर्षाचा जो अहवाल लिहिला, तो याच पायावर उभा आहे आणि आजही तो या विषयातला पहिला वाचायचा कागद मानला जातो. या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट म्हणजे संघर्षाचा एकतर्फीपणा. चालणाऱ्याला सायकलवाल्याचा जेवढा त्रास वाटतो, तेवढा सायकलवाल्याला चालणाऱ्याचा वाटत नाही. सायकलवाला प्रामाणिकपणे म्हणतो, काही अडचण नाही, आम्ही मिळूनमिसळून जातो. त्याच वाटेवरच्या आजोबांना विचारले तर ते दुसरेच काही सांगतात.

शहरात आणखी एक गुंता आहे. नदीकाठच्या वाटेवर सकाळी सात वाजता तिघी मैत्रिणी शेजारी शेजारी चालत असतात. बोलत चालता यावे म्हणूनच त्या आलेल्या असतात, आणि बोलायचे तर शेजारी चालावे लागते. मागून येणाऱ्या वॉर्डबॉयची पाळी साडेसातला सुरू होते. दोघांचे हेतू रास्त आहेत, दोघांनाही वाट मोकळी हवी आहे, आणि कोणीही उद्धट नाही. त्यांना नम्रतेवर भाषण देऊन काय साधणार? रविवारच्या हौशी सायकलस्वाराला ‘गर्दीच्या वेळी येऊ नका’ असे सांगता येते. कामावर जाणाऱ्याची वेळ आणि शहराच्या फिरायला जाण्याची वेळ मात्र एकच असते, आणि ती कोणी बदलू शकत नाही.

मांडल्या गेलेल्या भूमिका

पहिली भूमिका आचारसंहितेची. तिचे माहेर ब्रिटनचे कालवे. त्यांच्या कडेच्या वाटा मुळात नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये ठेंगणे पूल आणि त्यांच्याखाली आंधळी वळणे. या वाटा रुंद करता येत नाहीत आणि लंडनसारख्या शहरात रोज सायकलने कामाला जाणाऱ्यांना त्याच सोयीच्या पडतात. म्हणून तिथे ‘दोनदा टिंग’ अशी मोहीम निघाली: दोन हलक्या टिचक्या, मग वेग कमी, मग जाणे. कालव्यांची देखभाल करणाऱ्या न्यासाची संहिता चालणाऱ्याला अग्रक्रम देते आणि घाई असेल तर दुसरा रस्ता धरा असे सुचवते. या भूमिकेची ताकद अशी, की जिथे जागा वाढणे अशक्य आहे तिथे वागण्याखेरीज हाती काही उरत नाही. पुण्यातल्या जुन्या कालव्यांच्या कडेच्या वाटांना हे तंतोतंत लागू पडते. तिची मर्यादा अमेरिकी वाटांवर दिसते. तिथे मागून येणारा ‘तुमच्या डावीकडून’ अशा अर्थाची हाक देतो, आणि दचकलेला माणूस बऱ्याचदा नेमका डावीकडेच सरकतो.

दुसरी भूमिका वेगळेपणाची. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक मुले होती. त्या संतापातून ‘मुलांची हत्या थांबवा’ असे नाव घेतलेली चळवळ उभी राहिली, 1973 च्या तेलटंचाईने तिला हवा दिली, आणि पुढच्या दशकांत मोटार, सायकल आणि पाय यांना शक्य तिथे वेगवेगळी जागा देण्याची पद्धत रुजली. ब्रिटनच्या वाहतूक खात्याने जुलै 2020 च्या मार्गदर्शिकेत हाच धडा गिरवला: सायकल हे वाहन आहे, तिला पादचारी समजू नका, आणि शहरातल्या रस्त्यांवर सामायिक पदपथ हा सहसा टाळण्याचा पर्याय माना. त्याच खात्याची 2012 ची पुस्तिका सामायिक वाटा कशा कराव्यात हे शिकवणारी होती. आठ वर्षांत एवढा पालट झाला, त्याच्या मुळाशी अनुभवच आहे.

तिसरी भूमिका व्यवहाराची, आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनी ती पुरेशी ऐकलेली नसते. सिॲटलची बर्क-गिलमन वाट 1978 मध्ये खुली झाली, ब्रिस्टल-बाथ वाट 1979 ते 1986 या काळात बांधली गेली. दोन्ही बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर. चढ नाही, चौक थोडे, खर्च कमी, आणि मोटारींपासून पूर्ण सुटका. या वाटा केवळ चालणाऱ्यांच्या किंवा केवळ सायकलींच्या करायच्या ठरवल्या असत्या तर कदाचित झाल्याच नसत्या. वाहतुकीला घाबरणाऱ्या बायका, मुले, साठीनंतर पुन्हा सायकल हाती घेणारे, यांचा पहिला रस्ता अशीच वाट असते. वापर कमी असेल तोवर एकत्र, वाढला की वेगळे, असा हा मध्यममार्ग. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या कडेने 39 किलोमीटरची सायकलवाट आखली गेली ती याच विचाराने: जागा पालिकेचीच, लांबी सलग, आणि अतिक्रमणावर लक्ष राहते हा वरचा फायदा.

चौथी भूमिका वाटच नको म्हणणारी. अमेरिकेतले जॉन फॉरेस्टर यांनी सत्तरच्या दशकात आग्रहाने मांडले की सायकलस्वार वाहनचालकासारखा वागला आणि त्याला तसे वागवले गेले तरच तो सुरक्षित राहतो. कडेच्या वाटा त्याला दुय्यम बनवतात आणि प्रत्येक चौकात धोक्यात घालतात. आपल्याकडचे वेगाने जाणारे सायकलपटू फॉरेस्टरचे नाव न घेता हेच म्हणतात: ट्रॅकवर चालणाऱ्यांना चुकवत जाण्यापेक्षा रस्ता बरा. चौकांबद्दलचा त्यांचा मुद्दा खरा आहे. पण ही भूमिका धडधाकट, सरावलेल्या माणसाची आहे. दहा वर्षांच्या मुलीला बसगाड्यांच्या रांगेत वाहनचालक म्हणून उभे करायला कोणी पालक तयार होणार नाही.

जपानचा अनुभव या चारही भूमिकांना टोचतो. मोटारींखाली सायकलस्वार फार मरू लागले म्हणून 1970 च्या दशकात तिथे सायकलींना फूटपाथवर घेतले गेले. ती तात्पुरती सोय पिढ्यान्‌पिढ्यांची सवय झाली. गेली पंधराएक वर्षे पोलीस यंत्रणा सायकल हे वाहन आहे, रस्त्यावर परत या, असे सांगते आहे, आणि एप्रिल 2026 पासून सोळा वर्षे व त्यावरील सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती देण्याची पद्धत लागू करण्याचे ठरले. एकदा चालणाऱ्यांच्या जागेत सायकल घातली की ती बाहेर काढायला अर्धे शतक पुरत नाही, हे पुण्यातल्या आखणीकारांनी टिपून ठेवण्यासारखे आहे.

तीन मीटरांचा हिशोब

या सगळ्यांत निवाडा करायचा तर थोडे आकडे हाती घ्यावे लागतात, आणि ते कोणालाही मांडता येतात. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन माणसांना दीड मीटर लागतो. चालती सायकल सरळ रेषेत जात नाही, थोडी डुलते, म्हणून तिला एक मीटर धरतात. दोघांमध्ये अर्धा मीटर अंतर ठेवले की तीन मीटर भरले. समोरून दुसरी सायकल आली तर एकाने थांबायचे. वाट दोन मीटरची असेल तर जोडीने चालणाऱ्यांना कोणी तरी फोडल्याशिवाय सायकल पुढे जाऊच शकत नाही. तीन मीटरच्या वाटेवर घंटी ही सूचना असते, दोन मीटरच्या वाटेवर ती मागणी होते. ब्रिटन आणि जपान यांच्या नियमांतला विरोध इथे बराच निवळतो. एक नियम वाटेवरच्या माणसाला दचकू न देण्यासाठी आहे, दुसरा अरुंद फूटपाथवरच्या माणसाला हाकलू न देण्यासाठी.

आता वेग. चालणारा ताशी साडेचार किलोमीटरने जातो, रोजचा सायकलवाला पंधराने. वीस मीटर मागे असलेली सायकल सुमारे सात सेकंदांत पाठीशी येते. तेवढ्यात मान वळवून बाजूला होता येते. ताशी 25 चा वेग असेल तर साडेतीन सेकंद उरतात, आणि धडकेचा जोर पावणेतीन पट होतो. गर्दीचा हिशोब याहून बोलका आहे. वाटेवर एका दिशेने तासाला 60 सायकली जात असतील तर एक किलोमीटर चालणाऱ्या माणसाला त्या तेरा-चौदा मिनिटांत मागून साधारण नऊ वेळा ओलांडले जाते. सायकली 300 झाल्या की सत्तेचाळीस वेळा. प्रत्येक सायकलवाला अत्यंत सभ्य असला, प्रत्येकाने दोनदा टिंग केले, तरी चौदा मिनिटांत सत्तेचाळीस वेळा घंटी ऐकणारा माणूस फिरायला आला आहे असे कसे म्हणावे? ब्रिटिश मार्गदर्शिका तासाला 300 सायकलींपर्यंत किमान तीन मीटर आणि त्यापुढे साडेचार मीटर मागते, तेही चालणारे तासाला 300 च्या आत असतील तर. पुण्यातल्या एखाद्या लोकप्रिय वाटेवर सकाळच्या तासात 300 चालणारे सहज होतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: आपल्याकडे ट्रॅकवर सायकली दिसतच नाहीत, मग साडेचार मीटर कोणासाठी? आक्षेप खोटा नाही. पण दिसत नाहीत याचे कारण ट्रॅक सलग नसणे हेही असू शकते. दर दोनशे मीटरवर उतरावे लागणारी वाट कोणी कामावर जायला वापरत नाही. रिकाम्या ट्रॅकवरून मागणी नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे पूल नसलेल्या नदीवर कोणी ये-जा करत नाही म्हणून पुलाची गरज नाही असे म्हणणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रुंदी द्यायची कुठून? शहराच्या जुन्या भागात ती नाही, हे मान्यच करावे लागते. तिथे दोनच प्रामाणिक पर्याय उरतात: मोटारींचा वेग इतका खाली आणायचा की सायकल रस्त्यावरच निर्धास्त चालेल, किंवा वाट चालणाऱ्यांची ठेवून सायकलवाल्याला पाहुणा म्हणून घ्यायचे, म्हणजे गर्दीत उतरून चालायचे. आराखड्यातले 183 किलोमीटर मिश्र रस्ते पहिल्या पर्यायातले आहेत. त्यांवर चर्चा जवळपास होतच नाही, कारण तिथे फीत कापण्यासारखे काही नसते.

तिसरा आक्षेप शिस्तप्रेमींचा: सायकललाही परवाना आणि नंबर द्या, मग वागतील. बिल्ल्याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे. त्याने पालिकेला चार पैसे मिळाले, पण त्यामुळे कोणी हळू चालवू लागले असा पुरावा नाही. आणि नंबर असलेल्या दुचाकी सध्या फूटपाथवरून सर्रास जातातच. मोटार वाहनाने फूटपाथ किंवा सायकल ट्रॅकवरून जाऊ नये हा नियम 1989 पासून लेखी आहे, 2017 च्या नव्या नियमावलीनेही त्याला हात लावलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना सायकली आणि पादचाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकारही दिला. तो वापरायचा तर शिक्षेआधी अग्रक्रम लिहून काढावा: सामायिक वाटेवर चालणारा पहिला, आणि जपून जाण्याची जबाबदारी वेगाने जाणाऱ्याची. उरलेल्या सौजन्याचा, म्हणजे वाटेच्या डाव्या अंगाने चालणे, कुत्र्याचा पट्टा आखूड धरणे, दोन्ही कानांत इअरफोनची बोंडे न घालणे याचा, भार चालणाऱ्यावरही पडतो. पण धडक झाली तर कोण कोणाला पाडतो हे पाहता भाराची वाटणी समसमान करता येणार नाही.

न सुटलेले

सर्वांत अवघड प्रश्न विजेवरच्या सायकलींचा. आपल्या नियमांत 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणारी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. परवाना नको, नंबर नको. मग ती ट्रॅकवर चालते का? कायद्याच्या शब्दाने हो. पण वरचा साडेतीन सेकंदांचा हिशोब तिचाच आहे, आणि खाद्यपदार्थ पोचवणारी मुले ज्या घाईने ती चालवतात ती घाई त्यांची स्वतःची नसते. नेदरलँड्समध्ये ताशी 25 ची मोपेड सायकलवाटेवर चालत असे. ॲम्स्टरडॅमने एप्रिल 2019 मध्ये तिला बहुतेक ठिकाणी रस्त्यावर पाठवले आणि चालकाला हेल्मेट लावले. याच्या विरुद्ध बाजूचे म्हणणेही खरे आहे. पर्वती किंवा बावधनसारखे चढ असलेल्या शहरात मध्यमवयीन माणसाला सायकलकडे परत आणण्याची ताकद विजेच्या सायकलीतच आहे. वजन आणि वेग यांपैकी रेषा कशावर ओढावी, याचे उत्तर अजून कुठल्याच देशाला नीट मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न अडथळ्यांचा. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवतात. स्कूटरची रुंदी साधारण 70 सेंटीमीटर, चाकाच्या खुर्चीचीही तेवढीच. स्कूटर अडवणारी फट खुर्चीलाही अडवते, आणि मागे दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकलीला तर नक्कीच. फट वाढवली की स्कूटर आत. यावर खांबाचा उपाय नाही, माणसाचा आहे, आणि वाहतूक पोलीस आधीच अपुरे आहेत. अंध व्यक्तींचे म्हणणे तर आपल्या चर्चेत अजून आलेलेच नाही. ब्रिटनमध्ये त्यांच्या संघटना सामायिक वाटांना सातत्याने विरोध करतात, कारण आवाज न करणारी सायकल त्यांना कळत नाही. तिथे वाटेच्या तोंडाशी काठीला कळतील अशा उंचवट्यांच्या फरश्या असतात: चालण्याच्या बाजूला आडव्या रेषा, सायकलच्या बाजूला उभ्या. आपल्या फूटपाथवरच्या पिवळ्या खाचेदार फरश्या बऱ्याचदा झाडाच्या आळ्यापाशी संपतात.

तिसरा प्रश्न नदी-तलावांचा. पवई तलावाच्या काठाने मुंबई पालिकेने सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक बांधायला घेतला, तो मुंबई उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवून काढायला लावला, कारण पाणथळ जागेत भराव घातला जात होता. पुण्यात 44 किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात चालण्या-सायकलीच्या सलग वाटा आहेत आणि त्याच प्रकल्पातल्या झाडतोडीवर व काठ बांधून काढण्यावर मोठा विरोध आहे. सायकलवाट हिरवी म्हणून ती कुठेही चालेल, हे गृहीत आता टिकणारे नाही. आणि काठाची वाट जितकी रुंद तितकी नदी अरुंद, त्यामुळे वर केलेली साडेचार मीटरची मागणी इथे अडचणीत येते हेही कबूल केले पाहिजे. अशा ठिकाणी माझा कौल सायकल वरच्या रस्त्यावर आणि काठ पायवाटेचा, असा आहे. नेहमीचा कामावर जाणारा सायकलवाला रस्त्यावर नीट लेन मिळाली तर काठाच्या वळणावळणाच्या वाटेला यायचाच नाही.

राहिला मोजणीचा प्रश्न, आणि वरचे सगळे त्याच्यावर अडते. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते. हे आकडे पोलिसांत नोंद झाल्यामुळे कळतात. ट्रॅकवर सायकलचा धक्का लागून पडलेल्या आजींचा खुबा मोडला तर ती नोंद दवाखान्याच्या कागदावर राहते, आणि धक्क्याच्या भीतीने फिरायला जाणे सोडलेल्या आजींची नोंद कुठेच होत नाही. त्यामुळे सायकलवाले बेफाम आहेत आणि चालणारे आडमुठे आहेत ही दोन्ही विधाने आपल्याकडे सारख्याच आत्मविश्वासाने केली जातात. पुण्याच्या आराखड्यातल्या 35 किलोमीटर हरितमार्गांपैकी कुठल्याही वाटेची निविदा काढण्याआधी महापालिकेने सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, निदान एक आठवडाभर तिथे माणूस बसवून चालणारे, सायकली आणि घुसणाऱ्या दुचाकी मोजाव्यात. त्याला लागते एक खुर्ची, एक पेन आणि आखलेला कागद. आणि जिथे मोकळी रुंदी तीन मीटर भरत नाही, तिथे चालणारा आणि सायकल ही दोन चित्रे एकाच फलकावर रंगवू नयेत.